जपानला जाण्याआधी कोणाला वाचावं: हर्न, बर्ड की कर?

पु.लं.च्या ‘पूर्वरंग’मधून जपान पहिल्यांदा भेटला, असे मराठी वाचक पुष्कळ. आता प्रत्यक्ष जायचं ठरलंय आणि त्याआधी एखादंच पुस्तक नीट वाचून होईल, तर इंग्रजीतल्या तीन लेखकांपैकी कोणाला निवडायचं, असा प्रश्न बरेच जण विचारतात. माझं उत्तर तुम्ही कुठे जाणार आहात यावर ठरतं.

लाफ्काडिओ हर्नची आई ग्रीक, वडील आयरिश. अमेरिकेत पत्रकारिता करून तो 1890 मध्ये जपानला आला. पश्चिम जपानमधल्या मात्सुए गावात इंग्रजी शिकवलं, सामुराई घराण्यातल्या कोइझुमी सेत्सुशी लग्न केलं आणि 1896 मध्ये जपानी नागरिक होऊन कोइझुमी याकुमो झाला. त्याचा एक डोळा गेलेला, दुसराही अधू. म्हणूनच की काय, ‘ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलियर जपान’मध्ये (1894) मात्सुएची सकाळ आधी ऐकू येते: भात कांडण्याचे ठोके, देवळाची घंटा, फेरीवाल्यांच्या हाका, सूर्याला वंदन करणाऱ्यांच्या टाळ्या. इतक्या मायेनं एखादं गाव लिहिलेलं मी क्वचितच वाचलं आहे. पण ही माया दोष बघत नाही. शिवाय दोन खंड, त्यात एकोणिसाव्या शतकातली लांबलचक वाक्यं. फक्त तोक्यो-ओसाका करणाऱ्याला यातलं फारसं काही भेटणार नाही. मात्सुएला जाणार असाल तर मात्र हर्नला पर्याय नाही. किल्ल्याच्या खंदकाकाठी त्याचं घर जपलेलं आहे. ज्या बागेवर त्यानं अख्खं प्रकरण लिहिलं, ती तिथेच बसून बघता येते.

इझाबेला बर्डचा स्वभाव याच्या अगदी उलट. 1878 मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, इतो नावाच्या तरुण दुभाष्याला घेऊन ती निक्कोहून उत्तरेला निघाली आणि होक्काइदो बेटावर तिथल्या मूळच्या ऐनू लोकांच्या वस्तीपर्यंत पोचली. पिसवा, पाऊस, अडेलतट्टू घोडे, खेड्यांतलं दारिद्र्य, सगळं ‘अनबीटन ट्रॅक्स इन जपान’मध्ये आहे. पत्रांच्या रूपात असल्यामुळे ते भरभर वाचून होतं. लोकांच्या दिसण्यावरचे तिचे शेरे मात्र आज खटकतात, आणि खटकायलाच हवेत. निक्को, तोहोकू (म्हणजे ईशान्य जपान) किंवा होक्काइदो बेतात असेल तर हिला घ्या.

कुठे जायचं हे अजून ठरलं नसेल, तर मी अ‍ॅलेक्स करचं ‘लॉस्ट जपान’ हातात देईन. हा अमेरिकन लहानपणी योकोहामात राहिला आणि पुढे 1973 मध्ये शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात त्यानं गवती छपराचं एक ओसाड घर विकत घेतलं. त्याचं नाव चिइओरी. हे पुस्तक त्यानं आधी जपानीत, जपानी वाचकांसाठी लिहिलं (1993). त्यामुळे सिमेंटनं बांधलेले नदीकाठ, डोंगरभर लावलेली ‘सुगी’ नावाच्या जपानी सीडरची एकसुरी झाडं, विजेच्या तारांनी झाकलेलं आकाश यांवरचा त्याचा राग घरच्या आहेरासारखा लागतो. त्याच पुस्तकात काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकाराबद्दल आणि सुलेखनाबद्दल तो इतक्या आनंदानं लिहितो, की नुसती तक्रार ऐकल्यासारखं होत नाही. जुन्या कलावस्तूंच्या खरेदी-विक्रीची पानं लांबली आहेत, ती चाळली तरी चालतील. हर्न आपल्याला जपानवर प्रेम करायला लावतो. कर त्याच प्रेमापोटी विचारतो, की जे सुंदर होतं ते कोणी आणि का मोडलं? देवळांची रांग लावून फोटो काढण्यापलीकडे काही बघायचं असेल तर हा प्रश्न बरोबर असलेला बरा.

हर्न आणि बर्ड यांची पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, करचं विकत घ्यावं लागेल. चिइओरी आता दुरुस्त झालं आहे आणि तिथे मुक्कामही करता येतो. फक्त इया खोऱ्यात बस कमी असतात, तेव्हा आधी वेळापत्रक बघा आणि मगच खोली ठरवा.