लॅपटॉप : ऑनलाइन दुकानातून की थेट कंपनीकडून?

ऑनलाइन दुकानात सवलत जास्त आणि माल लवकर हातात, पण मिळतं ते तयार कॉन्फिगरेशन, म्हणजे आतले भाग आधीच ठरलेले. खरी गोम मॉडेल क्रमांकात असते. एकाच नावाखाली कमी उजेडाचा, फिके रंग दाखवणारा पडदाही येतो आणि चांगलाही. म्हणून नाव नव्हे, पूर्ण पार्ट नंबर (त्या नेमक्या प्रकाराचा क्रमांक) जुळवा. विक्रेता कोण, तेही पाहा. कारण तोच लॅपटॉप त्याच पानावर तिसराच कोणी विकत असतो.

कंपनीच्या साइटवर रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी (फाइली साठवायची जागा), कीबोर्ड निवडता येतो. रॅम मदरबोर्डला (आतल्या मुख्य पाटीला) सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, असेल तर ही निवड मोलाची, कारण ८ जीबीची १६ नंतर करता येत नाही. मात्र एसएसडीचे जादा पैसे तिथे सहसा अवाच्या सवा लावतात. स्लॉट मोकळा असेल तर ती नंतर स्वतः बसवा. ऑर्डरनुसार बनवलेला लॅपटॉप यायला वेळ लागतो, आणि परतीचे नियमही वेगळे असू शकतात.

दुकानातून घेतलात तर खोकं उघडताच सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाका. माल गोदामात पडून असेल, तर वॉरंटी कधी कधी आधीच सुरू झालेली दिसते. बिल पाठवून तारीख दुरुस्त करून घ्या.