नवी गाडी, पहिले हजार किलोमीटर आणि कर्वेनगरचं गॅरेज

पाडव्याला आमची वॅगनआर घरी आली. 1.2 लिटर पेट्रोल, मॅन्युअल गियर. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीसमोर हार-नारळ झाला आणि तिथूनच सल्ले सुरू झाले. दादा म्हणाला, "हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर जाऊ नकोस." भाचा म्हणाला, "मावशी, आताच्या इंजिनांना रनिंग-इन लागत नाही, बिनधास्त पळव." (रनिंग-इन म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवून रुळवणं.) मी दादाचं ऐकलं. कोथरूड ते स्वारगेट, रोज जाऊन-येऊन, पस्तीस-चाळीसचा वेग आणि जमेल तिथे चौथा गियर. गाडीला जपतेय असंच मला वाटत होतं.

पावणेतीनशे किलोमीटर झाले तेव्हा नळस्टॉपच्या पुलावर चढताना गाडी थरथरायला लागली. नव्या गाडीत दोष निघाला की काय, या धास्तीने मी थेट कर्वेनगर गाठलं. कॅनॉल रोडवरून आत वळलं की एका जुन्या चाळीच्या तळाशी हे गॅरेज आहे. पाटी नाही. माझी स्कूटर बारा वर्षं इथेच सांभाळली गेली, म्हणून विश्वास होता.

गॅरेजवाल्या काकांनी बॉनेट उघडलंच नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "ताई, चक्कर मारा." दोनशे मीटर गेलो असू. "हिला त्रास देताय तुम्ही. चौथ्यात तीस? घुसमटतीये ती. तिसरा टाका." टाकला. थरथर गेली. दोष गाडीत नव्हता.

परत आल्यावर त्यांनी फळीवरून सिलिंडरच्या जुन्या स्लीव्हचे (ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो तिचे) दोन तुकडे काढले. पहिल्याच्या आतल्या बाजूला बारीक तिरप्या रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, चटईच्या विणीसारख्या. "नख फिरवा." फिरवलं, तर अगदी हलकी खरखर लागली. दुसरा तुकडा काचेसारखा गुळगुळीत होता आणि पिवळट झाक होती. मला तोच चांगला वाटला. काका म्हणाले, हाच बिघडलेला. त्या रेघांमध्ये ऑईल धरून राहतं. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा या खरखरीत भिंतीवर घासून तिच्या मापाच्या होतात, यालाच रिंगा बसणं म्हणतात. रिंगेला भिंतीवर दाबतो तो जळलेल्या गॅसचा दाब. फारच हळू चालवलं तर तो दाब पुरेसा मिळत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, भिंतीवर ऑईलचा थर भाजून चकाकी येते आणि गाडी पुढे ऑईल खात बसते. उलट पहिल्याच आठवड्यात ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून रेस केली, तर घासणाऱ्या जागा जास्त तापून ओरखडतात. म्हणजे दादा आणि भाचा दोघांचंही चुकलं होतं, आणि माझं तर रोज चुकत होतं.

मग त्यांनी गाडीचं मॅन्युअल मागितलं. मी ते प्लॅस्टिकमधून काढलंही नव्हतं. त्यात पहिल्या 960 किलोमीटरचे नियम आहेत. (960 म्हणजे सुमारे 600 मैल, म्हणून आकडा असा आडनिडा.) एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, सुरू झाल्याबरोबर इंजिन रेस करू नका, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन निघू नका, वरच्या गियरमध्ये हळू रेंगाळू नका. पहिले 320 किलोमीटर तर जोरात ब्रेक मारणंही टाळा, कारण ब्रेक पॅडही नवेच असतात. सगळं छापलेलं होतं.

काकांबरोबर खरी शिकवणी रविवारी सकाळी साडेसहाला झाली. चांदणी चौकातून भूगावमार्गे पिरंगुटचा घाट आणि परत. सुरू करून अर्धा मिनिट थांबायचं, मग सावकाश निघायचं. जागेवर उभी ठेवून तापवत बसायचं नाही. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांचा) काटा दोन हजार ते साडेतीन हजारांच्या मध्ये खेळता ठेवायचा. चढावर तिसऱ्यात अर्ध्या ॲक्सिलरेटरने ओढू द्यायचं, उतारावर न्यूट्रल न करता गियरमध्येच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. घाटातून परतताना इंजिनाचा आवाज मला पहिल्यांदाच मोकळा वाटला. पुढच्या दोन रविवारी मी एकटीच दिवे घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ करून कात्रजवरून घरी आले. चढ, उतार, गावं, थोडा हायवे, सगळं मिळतं. मुंबईला जायचं होतं ते मात्र पुढे ढकललं, कारण एक्स्प्रेसवेवर तासभर एकाच वेगाने जाणं हेच नेमकं टाळायचं होतं.

डिपस्टिक, म्हणजे इंजिनातल्या ऑईलची पातळी दाखवणारी काडी, बघायलाही काकांकडेच शिकले. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटं, काडी पुसून पुन्हा आत, मग दोन खुणांच्या मध्ये ऑईल कुठे आहे ते बघायचं. रिंगा बसेपर्यंत थोडं ऑईल कमी होऊ शकतं, म्हणून दर रविवारी बघायला सांगितलं. माझी पातळी हलली नाही.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. मी विचारलं, हजाराची सर्व्हिस तुमच्याकडेच करू का? काका सरळ नाही म्हणाले. "वॉरंटी आहे, फ्री सर्व्हिस आहे, अधिकृत सेंटरलाच जा. तारीख चुकवू नका. ऑईल पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं, आणि वरून कसलं ॲडिटिव्ह ओतू देऊ नका." हातातलं काम असं सोडून देणारा माणूस मी तरी फार पाहिलेला नाही.

तक्रारी आहेत. ते फोन उचलत नाहीत. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, रिव्हर्समध्येच बाहेर पडावं लागतं. बोलणं तुटक आहे, नवशिक्या चालकाला ते लागू शकतं. माझ्या मैत्रिणीला लागलं. आणि शिकवणी फक्त रविवारी सकाळीच, त्यामुळे दोन आठवडे थांबायची तयारी हवी. मी दीड तासाचे सहाशे रुपये दिले.

गाडी आता चौदाशे किलोमीटर झाली आहे. जाणार असाल तर डिलिव्हरीच्या पहिल्याच आठवड्यात जा, माझ्यासारखे पावणेतीनशे किलोमीटर घालवू नका. गुरुवारी बंद असतं. मॅन्युअल बरोबर न्या, काका आधी तेच मागतात.