डेमो कोणाला ऐकवायचा? घरचे, ग्रुप की मुंबईचा कोच

माझ्या नणंदेच्या मुलीनं मागच्या महिन्यात तिचा पहिला व्हॉइस-ओव्हर डेमो, म्हणजे काम मिळवायला पाठवायचा आवाजाचा नमुना, बनवला, एक मिनिट हिंदी एक मिनिट मराठी, इंदूरच्या सुदामा नगरच्या घरात कपड्यांच्या कपाटात गोधडी टांगून रेकॉर्ड केलेला, आणि मला विचारलं, मामी आता हे ऐकवू कोणाला? आवाज कसा आहे, उच्चार कसे आहेत, हे खरं सांगेल कोण? तिच्याजवळ तीन रस्ते होते. एक घरचे, ज्यात तिचे आजोबा येतात जे शाळेत मराठी शिकवायचे. दुसरा आमचा आठ-नऊ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप, इंदूर, देवास, उज्जैनकडचे लोक, आम्ही एकमेकांच्या फाइली ऐकतो आणि सांगतो. आणि तिसरा मुंबईचा ऑनलाइन कोच, तासाचे पैसे. मी ह्या तिन्हींतून गेलेली आहे म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय, कारण हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या. आवाज वेगळा आणि हेल वेगळा. आवाज म्हणजे त्याचा पोत, दम, वाचण्यातला जिवंतपणा. हेल आणि उच्चार म्हणजे तुम्ही कुठल्या गावचे, कुठल्या घरचे, हे ऐकणाऱ्याला कळतं ते. ह्या दोन गोष्टींसाठी लागणारे कान एकच नसतात, आणि आपण मात्र एकाच माणसाला फाइल पाठवून विचारतो "कसं वाटलं?" मग उत्तर येतं "मस्त!" आणि आपण तिथल्या तिथे.

घरच्यांचं घ्या. आई, नवरा, मैत्रिणी ह्यांना तुमचा आवाज इतका सवयीचा असतो की शब्द अर्धा गिळला तरी त्यांना पूर्ण ऐकू येतो. आणि प्रेम असतं, ते मध्ये येतंच. तरी घरच्यांचा एक उपयोग खरा आहे, तो म्हणजे "ही तूच आहेस का" हे तेच सांगू शकतात. माझ्या सासूबाईंनी माझी एक बँकेची जाहिरात ऐकून एवढंच म्हटलं की ही तू नाहीस, ही कोणी दुसरीच बाई बोलतेय, आणि ते अगदी बरोबर होतं, मी त्यात ओढूनताणून भारी आवाज काढला होता. आपल्याला स्वतःला हे कळत नाही कारण आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून तर येतोच पण कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो, म्हणून तो आपल्याला भरीव वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये पातळ. पहिल्यांदा ऐकून जवळजवळ सगळे घाबरतात आणि मग आवाज जाड करायला जातात.

आजोबांची गोष्ट वेगळी. मी त्या दिवशी तिथेच होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मराठीचा भाग सुरू झाला आणि आठव्या सेकंदाला बोट वर केलं. "चांगला." परत लाव म्हणाले. परत लावलं. आमची भाची 'चांगला'तला च हिंदीतल्या 'चाँद'सारखा म्हणत होती, टाळूला जीभ लावून, आणि महाराष्ट्रात तो दातांपाशी होतो, 'त्स'च्या जवळचा. चोर, चारा, जग, जरा, सगळ्यात तेच. पण 'चार' आकडा असेल किंवा 'चहा' असेल तर तिथे टाळूचाच च, आणि हे लिहिण्यात कुठेच दिसत नाही, फक्त कानानं येतं. आपली इंदूरची मराठी होळकरांबरोबर आली आणि पिढ्यान् पिढ्या हिंदी-मालवीच्या शेजारी राहिली, आता मुलं शाळेत हिंदी-इंग्लिश बोलतात, घरात मराठी, मग हा दातांचा च हळूहळू टाळूकडे सरकतो आणि घरात कोणाला खटकतही नाही. पुण्याच्या क्लायंटला पहिल्या ओळीत खटकतो. आजोबांनी अर्ध्या तासात जे पकडलं ते कोचनं पकडलं नसतं, कारण बहुतेक कोच हिंदीवाले.

पण आजोबांबद्दल एक सावधानी पण सांगते. जुने शिक्षक लोक बोलण्याला लिहिण्यासारखं करायला लागतात. 'केलं'चं 'केले' करा, 'म्हणून'मधला प्रत्येक वर्ण ऐकू येऊ द्या. ऑडिओबुकमधल्या संवादात ते केलं तर माणूस बोलतोय असं वाटत नाही, धडा वाचतोय असं वाटतं. तर उच्चार त्यांच्याकडून घ्या, वाचण्याची ढब नको.

आता ग्रुप. मला ग्रुप मनापासून आवडतो, माझं निम्मं शिक्षण तिथेच झालंय आणि पैसे लागत नाहीत, फक्त दुसऱ्यांच्या फाइली ऐकायला वेळ द्यावा लागतो. आणि दुसऱ्याचं ऐकून ऐकून आपला कान तयार होतो हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा, तो ना घरचे देत ना कोच. पण ह्याच्यात एक भोक आहे आणि ते मला दोन वर्षं दिसलं नव्हतं. आपण सगळे एकाच पाण्याचे. इंदूरच्या हिंदीत 'और'चं 'ओर' होतं, 'पैसा'चं 'पेसा', 'बैठ'चं 'बेठ'. त्यावर मराठी घरातलं आणखी चढतं, 'कृपया'चं 'क्रुपया' (हिंदीवाले 'क्रिपया' म्हणतात), 'ज्ञान'चं 'द्न्यान' (ते 'ग्यान'), 'शहर' आणि 'कहना' आपण लिहिल्यासारखं श-हर, क-हना म्हणतो आणि हिंदीवाला 'शेहर', 'केहना'च्या जवळ जातो. असे दोन हेल एकाच तोंडात, आणि ग्रुपमधल्या आठही जणांच्या तोंडात तेच, मग ऐकू येणार कोणाला? दोन वर्षं आम्ही एकमेकांना "उच्चार एकदम क्लिअर" असं लिहीत होतो. मग एकीच्या शेजारी लखनऊहून लग्न होऊन आलेल्या भाभी ग्रुपमध्ये आल्या आणि पहिल्याच फाइलवर त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, "दीदी, ये 'ओर' जानबूझ के बोला है क्या?" त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या जुन्या फाइली काढून ऐकल्या.

म्हणून माझं म्हणणं असं की हेलाबद्दल विचारायचं असेल तर ज्याचा हेल तुमच्यासारखाच आहे त्याला विचारू नका, तो कितीही हुशार असो. ज्या श्रोत्यासाठी रेकॉर्ड करताय त्याच्या गावचा एक माणूस शोधा. तो कलाकार नसला तरी चालेल. लता मंगेशकरांचा जन्म आपल्या इंदूरचा, १९२९ चा, आणि त्यांचा तो किस्सा सगळ्यांना माहीत आहे, दिलीप कुमारांनी मराठी गाणाऱ्यांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो अशा अर्थाचं काही म्हटलं, आणि लताबाईंनी वाईट वाटलं तरी उर्दू शिकवणारा माणूस लावला. त्यात शिकण्यासारखं हे की बोलणाऱ्याचा कान त्या भाषेचा होता, आणि आवाज चांगला की वाईट ह्यावर ते बोललेच नव्हते, फक्त उच्चारावर बोलले, आणि ऐकणारीनं तेवढंच दुरुस्त केलं.

आता कोच. कोचकडे जायचं ते वाचण्यासाठी. श्वास कुठे घ्यायचा, जोर कोणत्या शब्दावर, वाक्याच्या शेवटी आवाज पडतोय का, कोणाशी बोलतेयस, एका माणसाशी की सभेशी, हे चांगला कोच दहा मिनिटांत दाखवतो आणि ते घरचे किंवा ग्रुप महिनाभरात दाखवू शकत नाही. माझ्या कोचनं मला एकच ओळ चौदा वेळा वाचायला लावली होती, प्रत्येक वेळी फक्त "आता बहिणीला सांग", "आता झोपलेल्या मुलाच्या बाजूला बसून सांग" असं बदलून, आणि चौदाव्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की मी आजपर्यंत कागदाला वाचून दाखवत होते. त्या एका तासाचे पैसे वसूल.

पण त्याच्या आधी दुसऱ्या एका कोचकडे मी तीन महिने काढले आणि त्यानं माझ्या बोलण्यातला सगळा माळवा घासून काढला. सगळे मेट्रोसारखे बोला, न्यूट्रल बोला. मग एका बियाण्यांच्या कंपनीची जाहिरात आली, त्यांना इकडच्या शेतकऱ्याच्या घरातली बाई हवी होती, आणि मला माझंच बोलणं परत आणायला आठवडा लागला, काम तोपर्यंत दुसरीकडे गेलं. मला ते अजून लागतं. आपल्याच शहरात आकाशवाणीचं केंद्र १९५५ पासून आहे, मालवा हाउसला, आणि तिथून शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मालवी बोलणारे नंदाजी-भेराजी घराघरातले झाले होते, ते न्यूट्रल बोलले असते तर कोणी ऐकलं असतं? हेल मिटवायचा नाही, हवा तेव्हा लावता आणि हवा तेव्हा काढता आला पाहिजे. कोचला पहिल्याच फोनवर विचारा की माझ्या हेलाचं काय करणार. "पूर्ण काढून टाकू" असं उत्तर आलं तर दुसरा बघा. आणि कोर्सबरोबर कामाची हमी देणाऱ्यापासून तर लांबच राहा.

क्लायंटचा फीडबॅक हा फीडबॅक म्हणून धरू नका, "थोडा और वार्म" ह्याच्यातून शिकायला काही मिळत नाही, आणि नाही म्हटलं तर कधी कधी कारण एवढंच असतं की त्यांना पुरुषाचा आवाज हवा होता.

फाइल पाठवण्याबद्दल पण सांगते कारण इथे बरेच जण चुकतात. व्हॉट्सॲपच्या माइकचं बटण दाबून बोललेली नोट दाबून बारीक केलेली असते, तिच्यावरून आवाजाच्या पोताबद्दल कोणी काही सांगितलं तर मानू नका. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ब्लूटूथ इअरफोनच्या माइकवर रेकॉर्ड करूच नका, माइक चालू झाला की तो फोन कॉलच्या क्वालिटीवर येतो. ऐकणाऱ्याला वायरवाले हेडफोन लावायला सांगा, मोबाइलच्या स्पीकरवर पंख्याची घरघर आणि प-फ-भ म्हणताना माइकवर बसणारे हवेचे फटके कळत नाहीत. ऑडिओबुकसाठी एसीएक्सचं, म्हणजे ऑडिबलच्या ऑडिओबुक बनवणाऱ्या प्लॅटफॉर्मचं, माप उपयोगी पडतं, शांततेतला आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली, सरासरी उणे २३ ते उणे १८ च्या मध्ये, आणि टोक उणे ३ च्या वर नको. हे मोजता येतं, ह्याच्यावर कोणाचं मत विचारायची गरजच नाही.

आणि तुम्ही जेव्हा दुसऱ्याचं ऐकता तेव्हा? लिहून सांगायचं, व्हॉइस नोटवर की कॉलवर, ह्यात पण फरक आहे. उच्चार असेल तर व्हॉइस नोट, कारण दातांचा च लिहून कितीही समजावला तरी समजत नाही, एकदा म्हणून दाखवला की झालं. वाचण्याची ढब असेल तर म्हणून दाखवू नका, तो माणूस तुमची नक्कल करेल आणि पुढच्या स्क्रिप्टला परत रिकामा. तिथे विचारा, "ही ओळ तू कोणाला सांगतोयस?" बाकी सगळं लिहून, सेकंद टाकून. "बाविसाव्या सेकंदाला 'व्यवस्था'तला व्य ऐकू आला नाही" हे कामाचं आहे, "थोडं उच्चारांवर काम करा" हे लिहायला सोपं आहे आणि वाचणाऱ्याची झोप उडवतं. एका वेळी दोनच गोष्टी सांगा, आणि जे चांगलं झालं तेही सेकंद टाकूनच सांगा नाहीतर ते नुसतं मन राखायला बोलल्यासारखं होतं.

मोठ्यांना सांगणं आपल्याकडे जड जातं हे मला माहीत आहे. ग्रुपमध्ये एक काका आहेत, रिटायर झाल्यावर ह्यात आले, त्यांचा 'श' बऱ्याच वेळा 'स' होतो आणि सहा महिने कोणी बोललं नाही, सगळे "काका जबरदस्त" लिहीत राहिले. शेवटी मी त्यांना वेगळा फोन केला, ग्रुपमध्ये नाही, आणि म्हटलं काका एक ऐकाल का, 'शक्ती' आणि 'सक्ती' तुमच्या फाइलमध्ये मला एकसारखे ऐकू आले, माझाच कान चुकतोय का बघा. ते दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "अगं, कवळी बसवल्यापासून होतंय, मला वाटलं कोणाला कळत नाही." आता ते रेकॉर्डिंगच्या आधी दहा मिनिटं श-सचेच शब्द वाचतात.

घेताना एवढं करा की उत्तर देऊ नका. "सर्दी होती", "घाई होती" हे मनात ठेवा, फक्त विचारा "कोणत्या सेकंदाला?" आणि एकमेकांना न ओळखणारे दोघं एकाच जागी अडकले तर ती जागा दुरुस्त करा, एकटाच अडकला तर लिहून ठेवा आणि पुढच्या फाइलला बघा.

तर भाचीला मी काय सांगितलं. मराठीचा मिनिट आजोबांना, फक्त उच्चारांसाठी. हिंदीचा मिनिट भाभींना, "कुठे कुठे तुम्हाला इंदूर ऐकू आलं" एवढा एकच प्रश्न विचारून. ग्रुपमध्ये ये, पण पहिला महिना फक्त दुसऱ्यांचं ऐक आणि सेकंद टाकून लिही. कोचचे पैसे आत्ता खर्च करू नकोस, पहिलं खरं काम मिळालं की त्याच स्क्रिप्टवर दोन तास घे, कारण हातात खरी ओळ नसेल तर कोचकडे नुसती कसरत होते. तिला घाई आहे, तिला उद्याच कोच हवा होता, थोडी नाराज झाली, पण ऐकलं.

काल रात्री तिनं फोन सिस्टिमची एक ओळ पाठवली, "कृपया प्रतीक्षा करें", अकरा टेक, डॉक्युमेंट म्हणून. नवव्या टेकमध्ये 'क्रि' एकदम सुंदर लागलाय. 'प्रतीक्षा'चा 'क्षा' घाईत गेलाय, दुसऱ्या सेकंदाला, ते मी तिला लिहिलंय.