कुत्रीसाठी घेतलेला वाय-फाय कॅमेरा : दिवाळीपासून आजवरच्या वापरानंतरचा अनुभव

मे महिन्यात ऐन उन्हाळ्यात आमचा कॅमेरा बंद पडला आणि ‘आत ओलावा गेला आहे, वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून सेवा केंद्राने तो परत केला. खोक्यावर तापमानाची मर्यादा छापलेली आहे, पण आर्द्रतेबद्दल एक अक्षरही नाही. नागपुरात उन्हाळाभर घरोघरी डेझर्ट कूलर चालतो, हे इथे माल विकणाऱ्या कंपनीला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. शिवाय कॅमेरा कूलरच्या झोतात नव्हे, समोरच्या भिंतीवर होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतरच तो बदलून मिळाला.

कॅमेरा घेतला तो आमच्या चिमीसाठी. आम्ही बाहेर पडलो की ही गावठी कुत्री रडते, असे शेजारच्या काकूंनी सांगितले होते. दाराची चौकट कुरतडलेली आणि फरशी लाळेने ओली झालेली आम्हीही पाहत होतो. सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी प्रथम चित्रण मागितले. नुसता कंटाळा, बाहेरच्या आवाजाची भीती आणि एकटे राहण्याची धास्ती यांतला फरक कुत्रे एकटे असताना पाहिल्याशिवाय नीट कळत नाही आणि धास्ती असेल तर ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते, असे त्यांनी समजावले. चिमीच्या बाबतीत दार लागताच येरझाऱ्या सुरू होत होत्या.

जाहिरातीत सर्वाधिक मिरवलेली सोय म्हणजे मोबाइलवरून कुत्र्याशी बोलता येणे, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप तिच्यावरच आहे. माझा आवाज येताच चिमी उठून दाराशी जाई, फटीला नाक लावून हुंगत राही, मग कॅमेऱ्याखाली येऊन वर पाही आणि माणूस कुठेच सापडत नाही हे उमगले की आधीपेक्षा मोठ्याने रडू लागे. आवाज आहे पण माणूस नाही, ही अवस्था तिच्यासाठी निव्वळ शांततेपेक्षा वाईट होती. स्पीकर आम्ही कायमचा बंद केला. या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

भुंकण्याची सूचना देणारी सोय हिवाळ्यात मला फार आवडली होती. कूलर लागल्यावर मात्र ते मत बदलावे लागले, कारण त्याच्या घरघरीत भुंकणे बुडून जाई आणि पंप सुरू झाल्याची सूचना मात्र हमखास येई. परंतु त्याच उन्हाळ्यात जुने चित्रण मागे नेऊन पाहताना एक गोष्ट हाती लागली. सकाळी निघण्यापूर्वी आम्ही बेडरूमचा कूलर बंद करून हॉलमधला चिमीसाठी सुरू करतो. किल्ल्या किंवा चपला यांना हात लागण्याच्या कितीतरी आधी, हॉलच्या कूलरचे बटण दाबताच तिचे कान मागे जात, जांभया सुरू होत आणि ती उठून दाराआड उभी राही. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही तो कूलर कुठेही न जाता, वेळी-अवेळी सुरू करून तिथेच बसू लागलो. काही आठवड्यांत ती त्याच्यासमोर आडवी होऊ लागली.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग इथेच आहे. तिला एकटे राहण्याचा सराव देताना दाराबाहेर काही सेकंदच थांबायचे, ती घाबरण्याआधी परत यायचे आणि वेळ सावकाश वाढवायचा. ती सीमा कुठे आहे हे कॅमेऱ्याशिवाय दिसत नाही. डॉक्टरांनी सोबत फ्लुओक्सेटिन हे धास्ती कमी करणारे औषध दिले आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ते सरावाची जागा घेत नाही. रागावणे किंवा कोंडून ठेवणे यांनी धास्ती वाढते, म्हणून तेही आम्ही टाळतो.

क्लाउडचे मासिक शुल्क भरू नका, साधे मेमरी कार्ड पुरते. वीज गेल्यावर थेट चित्र हवे असेल तर राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा लागतो. सध्या चिमी पाऊण तास शांत राहते. त्याहून अधिक वेळ जायचे असल्यास काकू येऊन तिच्याजवळ बसतात.