पुण्याजवळचं ब्रॉयलर ट्रेनिंग : पोस्टमॉर्टेमसाठी जा, प्रोजेक्ट रिपोर्टसाठी नको

बरेच जण या कोर्सबद्दल विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमचं कराडच्या बाजूला ५ हजार ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं, ओपन शेड (बाजूंनी उघडं, पडदे लावलेलं) आहे, कंपनीच्या करारावर, मिस्टर नोकरीला आणि शेड मीच बघते. कंपनीचा सुपरवायझर येतो, पाच मिनिटं शेडमध्ये फिरतो, कार्डावर औषध लिहितो आणि गाडीला किक मारतो. ते औषध का द्यायचं, पक्ष्याला नक्की झालंय काय, हे विचारलं की "ताई द्या तुम्ही, फरक पडेल". म्हणून हा कोर्स केला. निवासी होता, फी जेवणखाण धरून साडेआठ हजार. संस्थेचं नाव टाकत नाही कारण खाली थोडं वाकडंही लिहिलंय आणि उगाच कुणाच्या वाटेला जायचं नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आधी चांगलं सांगते. शिकवणारे मुख्य सर रिटायर्ड व्हेटर्नरी डॉक्टर, बोलायला एकदम गावाकडचे, आणि त्यांचं फिजिऑलॉजीचं सेशन हाच या कोर्सचा जीव आहे. नाव ऐकून मला वाटलेलं आकृत्या काढतील आणि झोप येईल. पण त्यांनी सुरुवातच उन्हाळ्यातल्या मरतुकीपासून केली. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत, अंगाचं तापमान मुळातच ४१ च्या आसपास, मग उष्णता बाहेर टाकायची कुठून तर तोंड उघडं ठेवून धापा टाकून. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलाइन होतं, क्षारांचा तोल बिघडतो, म्हणून आपण पाण्यातून इलेक्ट्रोलाइट देतो. बघा, इतकी वर्षं आपण ती पुडी पाण्यात टाकतोय आणि कुणी हे एका वाक्यात सांगितलं नव्हतं.

त्यातूनच पुढचं निघालं. खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून मे महिन्यात सकाळी उन्हं चढायच्या आधी फीडर वर उचलायचे आणि दुपार टळल्यावर खाली सोडायचे. दुपारी पक्षी बसून आहेत म्हणून शेडमध्ये फिरून त्यांना उठवणारे लोक आहेत, सर म्हणाले तुम्ही त्यांना मारायलाच फिरताय. फॉगरचं, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार सोडणाऱ्या नळ्यांचं, पण असंच. आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपारी हवा कोरडी असते तेव्हा फॉगर चांगलं काम करतो, पण वळवाच्या आधी तो जो घुसमटता उकाडा येतो ना, आभाळ भरलेलं आणि वारा बंद, तेव्हा हवेत दमटपणा इतका असतो की धापा टाकूनही उष्णता निघत नाही, आणि वरून आपण फॉगर सोडला तर अजून दमट. अशा वेळी पंखे, आणि नुसते पंखे. वर्गात सोलापूरकडचे होते तसे रत्नागिरीचे पण होते, तर कोकणातल्या माणसाने सोलापूरचा उपाय करायचा नाही हे दोघांनाही नीट कळलं.

फुफ्फुसांचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नाही, फुफ्फुसं बरगड्यांना चिकटलेली, फुगत नाहीत, हवा खेळते ती ९ हवेच्या पिशव्यांमधून. आता हा पक्षी ४०-४५ ग्रॅमचा येतो आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो, मांस वाढलं त्या मानाने फुफ्फुस आणि हृदय वाढलेलं नाही. त्यात थंडीत आपण गारठा नको म्हणून शेडचे पडदे वरपर्यंत घट्ट बांधतो, आत ऑक्सिजन कमी, अमोनिया जास्त, हृदयावर ताण, शेवटी पोटात पाणी. जलोदर. मोठे मोठे पक्षी उताणे पडलेले दिसतात ते. सरांनी सगळ्यांना त्यांच्या डेमो शेडमध्ये नेलं आणि म्हणाले वास येतोय का, सगळे म्हणाले नाही. मग म्हणाले आता उकिडवे बसा आणि नाक पक्ष्याच्या उंचीला न्या. खाली बसल्यावर डोळ्यांतून पाणीच आलं. अमोनिया २० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २०) वर जायला नको, श्वासनळीच्या आतले बारीक केस मरतात, मग सीआरडी (श्वासाचा जुनाट आजार), मग त्यावर इ कोलाय जंतूंचा आजार, ही सगळी साखळी तिथं उकिडवं बसल्या बसल्याच समजावली. आता मी शेडमध्ये गेले की आधी खाली बसते. खाली अंथरलेलं भाताचं तूस हातात घेऊन मूठ दाबायची, गोळा झाला तसाच राहिला तर ओलं आहे, सुटून पडलं तर ठीक, हे पण तिथंच शिकवलं.

ब्रूडिंगवर, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देऊन सांभाळण्यावर, अर्धा दिवस होता आणि तो कमीच पडला. पिल्लं यायच्या आदल्या दिवसापासून शेड गरम करून ठेवायचं, नुसती हवा नाही, तूस गरम पाहिजे, ३० च्या आसपास. पिल्लू पहिला आठवडा तरी स्वतःचं तापमान सांभाळू शकत नाही. पाय गालाला लावून बघायचे, गार लागले तर थर्मामीटर काहीही म्हणू दे, ब्रूडर कमी पडतोय. आणि क्रॉप चेक करायचं, म्हणजे गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपायची, मऊ पेजेसारखी लागली तर खाद्य-पाणी दोन्ही मिळालंय, दाणे दाणे लागले तर पाणी मिळालेलं नाही, नुसतं पाणीच लागलं तर खाद्य सापडलेलं नाही. २४ तासांनी शंभरातल्या ९५ पिल्लांचा क्रॉप भरलेला पाहिजे. सातव्या दिवशी वजन आल्या वजनाच्या चौपट तरी हवं, नसेल तर ती बॅच शेवटपर्यंत मागेच राहते. हे सगळं पिल्लू हातात देऊन शिकवलं, पीपीटी नाही.

आता पीएम, म्हणजे मेलेल्या पक्ष्याचं पोस्टमॉर्टेम. खरं सांगायचं तर फक्त यासाठी मी पुन्हा पैसे भरीन. प्रत्येकाला मेलेला पक्षी आणि कात्री दिली, हातमोजे दिले, आणि स्वतः उघडायला लावला. मी एकटीच बाई होते वर्गात, एकदोघांनी "वहिनी तुम्ही लांबून बघा" म्हणून बघितलं, सरांनीच त्यांना गप्प केलं. इ कोलायमध्ये हृदयावर आणि यकृतावर दह्याच्या सायीसारखा पांढरा थर येतो तो बघितला, कॉक्सीमध्ये (आतड्यातल्या परजीवींचा आजार) आतड्याच्या शेवटी जी दोन बंद टोकं असतात त्यात रक्त भरलेलं बघितलं. गंबोरो या व्हायरसच्या आजारासाठी शेपटीखाली आत बर्सा नावाची गाठ कुठे असते ते शोधायला शिकवलं, ती सुजलेली किंवा रक्ताळलेली आहे का, मांडीच्या स्नायूवर रक्ताचे ठिपके आहेत का. रानीखेत या व्हायरसच्या आजारात ग्रंथीच्या पोटावर (जठराचा पुढचा भाग) रक्ताचे ठिपके. एक पक्षी गाऊटचा (अंगात युरिक ॲसिड साचण्याचा आजार) निघाला, मूत्रपिंडं सुजलेली आणि यकृतावर खडूची पूड पसरल्यासारखं. त्यावर सर म्हणाले कोंबडीला आपल्यासारखी पातळ लघवी नाही, युरिक ॲसिड बाहेर पडतं, विष्ठेवरचं ते पांढरं असतं ना तेच, आणि पिल्लाला प्रवासात किंवा ब्रूडिंगमध्ये पाणी कमी पडलं की ते आत साचायला लागतं. दुसरीही कारणं आहेत, काही व्हायरस, खाद्यात कॅल्शियम जास्त, पण पाणी आधी बघा. म्हणजे बघा, फिजिऑलॉजीत सांगितलेलं सगळं पीएमच्या टेबलावर परत दिसत होतं. घरी पीएम करून औषध ठरवू नका, फोटो काढून डॉक्टरला पाठवा, हेही बजावून सांगितलं. पण आता सुपरवायझर म्हणाला सीआरडी आहे तर मी विचारू शकते की दादा, एअर सॅक, म्हणजे त्या हवेच्या पिशव्या, धुरकट आहेत का बघितलंत का. चेहरा बघण्यासारखा होतो त्याचा.

लसीकरण थोडक्यात पण कामाचं. डोळ्यात लासोटाचा (रानीखेतची लस) थेंब टाकला की लगेच पिल्लू सोडायचं नाही, थेंब आत जिरेपर्यंत धरायचं. गंबोरोची लस पाण्यातून देताना क्लोरीन बंद आणि पाण्यात दूध पावडर, कारण उरलंसुरलं क्लोरीन दूध पावडर मारते, नाहीतर लसच मरते. गूळपाणी, व्हिटॅमिन सोडल्यावर पाइपात आतून बुळबुळीत थर साचतो तो धुवायचा. पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो, रोज टाकीची पातळी लिहून ठेवली तर आजार दिसायच्या आधी पाणी कमी झालेलं दिसतं. आणि पत्र्यावरची काळी टाकी मे महिन्यात पोत्यांनी झाका, गरम पाणी पक्षी पीत नाही. अँटिबायोटिकवर पण स्पष्ट बोलले, कोलिस्टिनवर सरकारने २०१९ मध्येच बंदी घातली आहे, आणि लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीला उचलायच्या, तोंडावर अँटिबायोटिक द्यायचं नाही, बाटलीवर विड्रॉवल पिरियड (शेवटच्या डोसनंतर किती दिवस थांबायचं) लिहिलेला असतो तो वाचा.

हिशोबाचं सेशन अर्धं चांगलं अर्धं भंपक. चांगलं म्हणजे सेटलमेंटचा, म्हणजे बॅच संपल्यावर कंपनी करते त्या हिशोबाचा, कागद वाचायला शिकवलं. समजा एफसीआर (एक किलो वजनामागे लागलेलं खाद्य) १.६ आणि सरासरी वजन २.२ किलो, तर दोन किलोच्या वरचे ०.२, त्याचा पाव भाग ०.०५, तो वजा केला की सीएफसीआर, म्हणजे दोन किलोच्या हिशोबाला आणलेला एफसीआर, १.५५. बहुतेक कंपन्या यावरच रेट धरतात. आणि ४० दिवसांत ९५ टक्के पक्षी जगले तर ईईएफ (जगलेले पक्षी, वजन, दिवस आणि साधा एफसीआर मिळून बॅचला मिळणारा गुण) येतो ३२६ च्या वर. मला नवीन कळलं ते मरतुकीचं. तिसऱ्या दिवशी मेलेल्या पिल्लाने मूठभर खाद्य पण खाल्लेलं नसतं, पण ३५ व्या दिवशी पक्षी मेला तर त्याने तीन किलो खाल्लेलं असतं आणि वजन मात्र शून्य धरलं जातं. टक्का तोच, नुकसान कितीतरी जास्त.

भंपक भाग म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट. दुसरे एक सर आले, कोट घालून, आणि कंपनीशिवाय स्वतःचे पक्षी टाकणाऱ्यांसाठी एक्सेल दाखवलं, वर्षात ६ बॅच, जिवंत कोंबडीचा एकच रेट सगळ्या ६ बॅचला, मरतूक ३ टक्के. कुठल्या जगात. श्रावणात काय होतं, पिल्लाचा रेट एका महिन्यात कुठल्या कुठे जातो, काही नाही त्यात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसत्या कोरोनाच्या अफवेने लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या हे त्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी भोगलेलं, एकाने विचारलं तर उत्तर मिळालं "पॉझिटिव्ह राहा". सबसिडीचं पण गोलगोल. राष्ट्रीय पशुधन अभियानातलं ५० टक्के अनुदान हे गावठी धाटणीच्या, कमी खर्चात वाढणाऱ्या पक्ष्यांच्या पेरेंट फार्म (अंड्यांसाठी आई-बाप पक्षी ठेवतात ते) आणि हॅचरीसाठी आहे, आपल्या ब्रॉयलर शेडसाठी नाही, हे सरळ सांगायला काय जात होतं? दोन पोरं कर्ज काढून शेड बांधायच्या तयारीने आलेली, ती ऐकून खूश होऊन गेली. मला वाईट वाटलं.

नंतर एका सप्लिमेंट कंपनीचा माणूस तासभर लिव्हर टॉनिक विकून गेला. फी घेऊन वर जाहिरात ऐकवायची म्हणजे कमाल आहे. ईसी शेडवर, म्हणजे बंद, हवा-तापमान यंत्रावर सांभाळणाऱ्या शेडवर, अर्धा दिवस घालवला, वर्गात जवळजवळ सगळे ओपन शेडवाले, तोच वेळ ब्रूडिंगला द्यायचा होता. नोट्स सगळ्या इंग्रजीत, शिकवणं मराठीत. डोसचं टेबल तर झेरॉक्सची झेरॉक्स, आकडे वाचताच येत नाहीत, आणि तिथंच आकडा चुकला तर काय होईल सांगा.

आणि हे मात्र लिहायलाच पाहिजे. बायोसिक्युरिटीवर, म्हणजे बाहेरून रोग शेडमध्ये येऊ न देण्यावर, छान लेक्चर झालं, नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं वगैरे, आणि लगेच आम्हाला, म्हणजे आपापल्या शेडवरून आलेल्या माणसांना, त्याच चपलांवर डेमो शेडमध्ये नेलं. दारातलं फूटडिप (पाय जंतुनाशकात बुडवायचा खळगा) कोरडं ठणठणीत, आत वाळलेला पालापाचोळा. एका काकांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यात पोटॅशचं जांभळं पाणी आलं. मी घरी आल्यावर कपडे-चपला शेडपासून लांब ठेवून, अंघोळ करूनच आत गेले.

राहायची सोय पुरुषांना ठीक. बायकांसाठी वेगळं बाथरूम आहे असं फोनवर सांगितलेलं, प्रत्यक्षात ऑफिसचं होतं आणि त्याची किल्ली शिपायाकडे. जेवण चांगलं, रोज चिकन नाही दिलं हे बरं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. ज्यांनी दोन-चार बॅच काढल्यात त्यांनी जरूर करा, डोक्यात प्रश्न असतील तर सर एकेका प्रश्नावर अर्धा तास देतात, जेवणाच्या रांगेत सुद्धा. ज्यांचं अजून शेडच नाही त्यांनी आधी कुणाच्या तरी शेडवर एक पूर्ण बॅच राबून बघा आणि मग जा. पैसे भरायच्या आधी फोनवर दोनच गोष्टी विचारा, पीएम स्वतःच्या हाताने करायला मिळणार का आणि ते रिटायर्ड डॉक्टर तुमच्या ट्रेनिंगच्या बॅचला आहेत का. बायका जाणार असतील तर बाथरूमची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा.