बीपी मशीनमधले सेल: होळी ते दिवाळी वापरून काय कळलं

घरात वयस्कर माणूस असेल आणि त्याच्यासाठी बीपीचं मशीन घेऊन ठेवलं असेल, तर पुढचं वाचायच्या आधी उठा आणि मशीनचं मागचं झाकण उघडून बघा. सेल नावाजलेल्या कंपनीचे आहेत, त्यांच्यावरची मुदत अजून कित्येक वर्षांची आहे, गेल्या वेळी मशीन नीट चाललं होतं, एवढ्यावर विसंबू नका. आमच्याकडे या तिन्ही गोष्टी होत्या.

नाना अमळनेर तालुक्यात गावी असतात, दादा-वहिनींजवळ. मी जळगावला. होळीच्या आधी एका रात्री वहिनींचा फोन आला, ‘भाऊजी, नानांना गरगरतंय आणि मशीन काही लागत नाहीये.’ मागून नानांचाच आवाज, ‘मशीन चालूच व्हस नही रे.’ दादाने गाडी काढून त्यांना अमळनेरला नेलं, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, नाना दोन दिवसांत ठीक झाले. पण बीपीचा आकडा हाताशी नसताना रात्रीच्या वेळी गावच्या रस्त्याने गाडी हाकणं काय असतं, ते दादालाच ठाऊक. मशीन त्याच रात्रीसाठी तर घेतलं होतं.

रविवारी जाऊन झाकण उघडलं. चार पेन्सिल सेल, चारही अल्कलाइन, एकाच पाकिटातले. तीन कोरडे. चौथ्याच्या सपाट टोकाला पांढरी खरपुडी, आणि तिथली स्प्रिंग त्यात अर्धी बुडालेली. मल्टिमीटर लावला तर तीन सेल चांगले भरलेले होते, एकच पार बसलेला. म्हणजे करंट होता, पण तो पोचायला रस्ता नव्हता.

सर्व्हिस सेंटरला नेलं. मशीन वॉरंटीत होतं. काउंटरवरच्या माणसाने झाकण काढलं, पांढरं बघितलं आणि लगेच लावून टाकलं. ‘सेल लीकेज वॉरंटीत बसत नाही.’ मी म्हटलं, मग स्प्रिंग तरी बदलून द्या. स्प्रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल. बोर्डाचा खर्च नव्या मशीनच्या जवळपास. काही रुपयांची ती तार सुटी ठेवायची नाही आणि त्यापायी पूर्ण मशीन टाकायला लावायचं, याचा मला आजही संताप येतो. पुस्तिकेत बारीक अक्षरात ‘बराच काळ वापर नसल्यास सेल काढून ठेवावेत’ असं छापलेलं असतं, त्यावर बोट ठेवून ते मोकळे होतात.

या सूचनेबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. खेळण्यातले सेल काढून ठेवा, गॅस गिझरमधले काढून ठेवा, बरोबर आहे. बीपीचं मशीन मात्र महिनोनमहिने लागत नाही आणि एकदा लागलं की त्याच मिनिटाला लागतं. मोतीबिंदू झालेल्या माणसाने किंवा घाबरलेल्या वहिनींनी रात्री दिवे गेलेले असताना चार सेल उलट-सुलट बघून बसवायचे? अ‍ॅडॉप्टर लावा म्हणणाऱ्यांनाही हेच विचारतो. आमच्या गावी लाइट कधी जाईल याचा नेम नाही. असल्या मशीनमध्ये सेल आतच राहिले पाहिजेत. मग आत ठेवून पाघळणार नाही असा सेल कोणता, हाच खरा प्रश्न. त्यावर मी होळीपासून दिवाळीपर्यंत पैसे आणि वेळ दोन्ही घातले.

आधी ती स्प्रिंग वाचवली, ते सांगतो, कारण पुष्कळ लोक इथेच मशीन फेकून देतात. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते बाहेर आलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पोटॅशियम कार्बोनेटची ती पांढरी खरपुडी होते. ओलं असेल तर कातडीला भाजतं, डोळ्यात तर जाताच कामा नये. म्हणून हातमोजे घालायचे आणि फुंकर मारायची नाही. कान कोरायच्या कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन लावला की बुडबुडे येतात आणि खरपुडी सुटते. बुडबुडे थांबेपर्यंत लावायचं, मग ओल्या काडीने पुसायचं, शेवटी स्पिरिट लावून पूर्ण वाळू द्यायचं. पॉलिश पेपर घासू नका. स्प्रिंग पोलादी असते आणि तिच्यावर निकेलचा पातळ मुलामा असतो. तो गेला की आपल्या पावसाळ्यात महिन्याभरात गंज. स्प्रिंगला जोडलेली तारही सोलून बघा, हे पाणी तारेतून आत चढतं आणि तांब्याला हिरवं करतं. आमची तार दोन बोटं काळी पडली होती, तेवढी कापून नवी डाख दिली. मशीन चालू झालं. डॉक्टरांच्या मशीनशी लागोपाठ पडताळून बघितलं, आकडे जुळले.

आता सेल का पाघळतो, ते. जुन्या स्वस्त सेलमध्ये, म्हणजे आपण ज्याला लाल सेल म्हणत आलो त्या झिंक-कार्बनमध्ये, जस्ताचं भांडं हेच बाहेरचं कवच असतं. वापराबरोबर तेच खाल्लं जातं, पातळ होतं आणि भोक पडतं. अल्कलाइनमध्ये कवच पोलादी असतं आणि जस्ताची भुकटी मध्यभागी, म्हणून लोकांना वाटतं तो पाघळणार नाही. पण त्या जस्तापासून हळूहळू हायड्रोजन वायू तयार होत राहतो. पूर्वी हा वायू होऊ नये म्हणून सेलमध्ये पारा घालत. १९९०च्या दशकात कंपन्यांनी पारा काढला आणि ते योग्यच केलं. वायूचा दाब वाढला की सील उघडतं, आणि सील असतं सपाट, ऋण टोकाला. स्प्रिंगही नेमकी तिथेच. म्हणून दर वेळी स्प्रिंगच मरते.

सेल पार बसला की हा वायू जास्त होतो. चार सेल एका माळेत असले आणि एक जरा कमजोर निघाला, तर तो रिकामा झाल्यावरही बाकीचे तिघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात, त्याचं धन-ऋण उलटं होतं आणि तो आधी फुटतो. बीपी मशीन बंद असलं तरी घड्याळ आणि नोंदी सांभाळायला थेंबथेंब करंट ओढत असतं. त्यात आपला उन्हाळा. पाकिटावरची दहा वर्षांची मुदत विशीतल्या तापमानाला धरलेली असते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात त्याहून जास्त, आणि बहुतेक कंपन्यांनी दिलेली वरची मर्यादा ५४-५५ अंश आहे. नानांच्या मशीनची जागा मी आता जुन्या धाब्याच्या खोलीत केली आहे, तिथे उन्हाळ्यातही गार असतं. वहिनी सुटे सेल फ्रिजमध्ये ठेवायच्या, ते बंद करायला सांगितलं. बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटतं आणि टोकं गंजतात.

दुकानात गेलात की कंपनीचं नाव नंतर बघा, आधी सेलवरची अक्षरं बघा. ही गोष्ट मी ज्याला त्याला सांगत सुटलो आहे. पेन्सिल सेलवर नुसतं ‘आर६’ असेल तर तो झिंक-कार्बन, मग वर सोनेरी पट्टा असो की ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असो. ‘एलआर६’ म्हणजे अल्कलाइन. ‘एचआर६’ म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, चार्ज होणारा. ‘एफआर६’ म्हणजे दीड व्होल्टचा लिथियम. बारक्या पेन्सिल सेलवर सहाच्या जागी ०३. ‘लीकप्रूफ’ हा शब्द झिंक-कार्बनच्या सेलवरही छापलेला मिळतो, त्याला शून्य किंमत द्या. गावातल्या शेठने मला अल्कलाइन म्हणून दिलेल्या सेलवर नुसता ‘आर’ होता. दाखवल्यावर त्यांनी बिनतक्रार परत घेतले, त्यांनाही हा फरक कोणी सांगितला नव्हता.

पहिल्यांदा मशीनमध्ये घातले एनेलूप, म्हणजे चार्ज होणारे ‘एचआर६’. जपानच्या सॅन्योने ते २००५ मध्ये आणले, आता पॅनासॉनिकचे आहेत. साधे चार्जिंगचे सेल पडून राहिले की काही महिन्यांत रिकामे होतात. हे होत नाहीत. दहा वर्षांनी ७० टक्के चार्ज उरतो असा कंपनीचा दावा आहे, अर्थात थंड खोलीतला. पाघळण्याची भीती फार कमी, कारण दाब वाढला तर वायू सोडून परत मिटणारी झडप असते. आमच्या घरी पैसा एकदा घालावा आणि वर्षानुवर्षं पुरवावा अशीच रीत आहे, त्यामुळे मी खूश होतो. गुढीपाडव्याला लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

जूनमध्ये मत बदललं. हे सेल १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८. मशीनला हवेत ६. पट्टा फुगवताना मोटर जोर घेते, तेव्हा व्होल्टेज आणखी पडतं. पूर्ण चार्ज असताना काही अडचण आली नाही, पण उन्हाळा खाऊन झाल्यावर सेल निम्म्याहून अधिक भरलेले असूनही मशीन ‘लो बॅटरी’ दाखवायला लागलं. नानांनी ते चिन्ह बघितलं आणि मोजणंच सोडून दिलं. शिवाय गावी चार्जिंग करणार कोण? दादा पहाटे शेतात, वहिनींना घरचंच काम उरकत नाही. सेलचा यात दोष नाही. या कामाला हा सेल नाही, एवढंच.

मग लिथियम आणले. जळगावातही दोन-तीन दुकानं फिरल्यावर मिळाले, आणि किंमत ऐकून पाय मागे आला. अल्कलाइनच्या कित्येक पट. नानांनी तर थेट विचारलं, ‘इतला महाग सेल कसाले लिधा?’ मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. या सेलची साठवणीची मुदत वीस वर्षांची सांगतात. आत पाण्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड नाही, त्यामुळे तो वायू आणि ती खरपुडी यांचं मूळच नाही. उष्णता ६० अंशांपर्यंत चालते. वजनालाही हलका, पंधरा ग्रॅमच्या आसपास, अल्कलाइन तेवीसच्या. एक मशीन वाचलं की सेलचे पैसे वसूल. नवा सेल मोजला तर १.८ व्होल्टपर्यंत दाखवतो, म्हणून घालण्याआधी पुस्तिकेत लिथियमला मनाई नाही ना ते बघून घेतलं. पावसाळा गेला, दिवाळी झाली, नाना आता दर सोमवारी मोजतात आणि वहीत लिहितात. स्प्रिंग अजून चकचकीत आहे. मी ती दर भेटीत बघतोच.

उरलेली जोडी दादाच्या टॉर्चमध्ये घातली आणि तिथे मात्र हा सेल नको असं ठरलं. शेताला रात्रीची लाइट असते, पाणी भरायला अंधारात जावं लागतं, बांधावर साप असतो. लिथियमचा उजेड शेवटपर्यंत एकसारखा राहतो आणि मग एकदम जातो. दादाला टॉर्च मंद झाली की घरी निघायची सवय, ती खूण इथे मिळालीच नाही, केळीच्या मधोमध अंधार झाला. टॉर्चला आता मशीनमधून काढलेले एनेलूप आहेत. रोजचा वापर असल्याने चार्ज करायचं लक्षातही राहतं. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा घ्या, तासांवर बंद होणारा स्वस्त चार्जर चांगल्या सेलची वाट लावतो. आणि लिथियमचे एफआर६ चुकूनही चार्जरला लावू नका, घरात दोन्ही असतील तर डबे वेगळे ठेवा. यूएसबीने चार्ज होणारे दीड व्होल्टचे सेलही हल्ली मिळतात. त्यांच्या आत व्होल्टेज बदलणारं सर्किट असतं आणि ते पडल्या पडल्या करंट खातं, म्हणून क्वचित लागणाऱ्या मशीनसाठी मी ते घेतले नाहीत.

भिंतीवरच्या घड्याळाला साधा आर६ पुरतो. घड्याळ फार थोडा करंट ओढतं. दर पाडव्याला सेल बदलायचा, काटे थांबायची वाट बघायची नाही.

राहिला गॅस गिझर. त्यात दोन मोठे सेल लागतात आणि आमच्याकडे तो दिवाळी ते होळी एवढाच चालतो, बाकीचे महिने बाथरूमच्या ओलीत पडून. मोठ्या आकाराचे चार्जिंगचे सेल महाग, म्हणून पेन्सिल सेल बसणारी प्लास्टिकची नळकांडी आणली आणि त्यात दोन एनेलूप घातले. ठिणगी पडते, पाणी तापतं, थंडीत अजून एकदाही अडलेलं नाही. होळीला सेल काढून घेईन, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार्ज करून टॉर्चच्या जोडीला ठेवून देईन.