तालाचा डबा घ्यावा का?

मिरजेत लहानपणी पेटीवर गाणं शिकले, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या आणि मग सुटलं ते सुटलंच. तालाची काळजी तेव्हा कधी केली नाही. ते काम तबलेवाल्या काकांचं. ते त्रितालाचा ठेका धरायचे, आपण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, चुकलो की ते नुसते डोळे वटारायचे. आता एक्कावन्नाव्या वर्षी बंगळूरला गल्लीतल्या एका बाईंकडे कर्नाटक संगीत शिकायला लागले आणि पहिल्याच तासाला कळलं, की इथे तबलेवाले काका म्हणजे माझाच उजवा हात. ‘ताळ हाकी,’ बाई म्हणाल्या. मांडीवर ताल धरा आणि गा.

सुरुवात सगळ्यांची एकच: सरळे वरसे, म्हणजे स्वरांचे अगदी पहिले धडे, राग मायामालवगौळ. सूर आपल्या भैरवाचे, त्यामुळे गळ्याला त्रास नाही. त्रास हाताला. आदि ताल म्हणजे थाप, करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग थाप आणि तळवा उलटा, पुन्हा थाप आणि तळवा उलटा. चार-दोन-दोन, आठ अक्षरं. पहिल्या काळात, म्हणजे सगळ्यात संथ वेगात, एका अक्षराला एक स्वर, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. हाताची चाल मात्र तिन्ही काळांत तीच राहायला हवी. माझा गळा दुप्पट झाला की हातही लगबगीने दुप्पट व्हायचा. शेजारी बसणारी आठ वर्षांची मुलगी हळूच म्हणायची, ‘आंटी, किरुबेरळु!’ म्हणजे करंगळी राहिली.

म्हणून हा डबा, म्हणजे ताल वाजवून देणारं विजेवरचं यंत्र, घेतला. जुना, २२०० रुपयांना. टिफिनएवढा आकार, ताल निवडायचं बटण, लयीचा आकडा, आवाजाचं बटण आणि प्रत्येक अक्षराला लुकलुकणारा लाल दिवा. सहा महिने रोज वापरतेय.

आधी कौतुक. लय ६० वर ठेवली की आठ सेकंदांत एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा. पहिल्या काळात तेवढ्यात फक्त आरोह होतो, दुसऱ्यात आरोह-अवरोह, तिसऱ्यात तोच धडा दोनदा. घरी एकटीने गाताना मला वाटायचं, तिसरा काळ झकास जमतो. डब्याने पहिल्याच दिवशी पितळ उघडं पाडलं. अवरोहात ‘प म ग रि स’ला मी उतारावरच्या सायकलसारखी सुटायचे आणि डब्याची एक टिक शिल्लक असतानाच षड्जावर जाऊन बसायचे. बाईंना सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही.

आता तक्रारी. मृदंगासारखा आवाज लावला तर मधल्या भरणीच्या बोलांत थाप कुठली आणि बोट कुठलं ते नवशिक्याला कळत नाही. साधी टिक लावा. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर दिवा आधी लागतो आणि आवाज मागाहून येतो. मग डोळ्यांचं ऐकावं की कानांचं? मी स्पीकर काढून टाकला. वीज गेली की सगळं पुसलं जाऊन डबा परत आदि तालावर येतो.

सगळ्यात जास्त घोळ रूपकाने घातला. आपला हिंदुस्थानी रूपक सात मात्रांचा, समेवरच खाली, म्हणजे तिथे थाप नाही. तो डोक्यातून काढला. सात अलंकारांतला, म्हणजे वेगवेगळ्या तालांत बांधलेल्या पुढच्या धड्यांतला, इथला रूपक सहा अक्षरांचा: थाप, तळवा उलटा, मग थाप आणि तीन बोटं. ‘स रि, स रि ग म.’ डब्यावर ‘रूपक’ बटण दाबलं तर वाजतो तीन मोजणीचा, दोन थापा आणि एक उलटा तळवा. कृतींना, म्हणजे बांधलेल्या रचनांना, हा तिनाचा रूपक सर्रास चालतो, पण अलंकाराला मेळ बसेना. सहा म्हणजे तीन दुणे, त्यामुळे आवर्तन बरोबर संपायचं आणि चूक कुठे तेच सापडायचं नाही. तिसऱ्या अक्षराला माझा हात थाप मारतोय आणि डबा मऊ आवाज काढतोय; चौथ्याला मी करंगळीवर आणि डबा जोरात. तीन आठवडे मी स्वतःलाच दोष दिला. शेवटी डब्याच्या पाठीवरच्या पस्तीस तालांच्या यादीत चतुरश्र जातीचा, म्हणजे चार अक्षरांच्या गटाचा, रूपक वेगळा सापडला. सोबतच्या पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही.

आणि एक गोष्ट, जी डब्याचा दोष म्हणावी की माझा, मला ठरवता येत नाही. दोन महिन्यांनी वर्गात बाईंनी नुसतं गायला लावलं, तर माझा हात मांडीवर पोळीच्या गोळ्यासारखा पडून. डबा मोजतोय म्हटल्यावर हाताने मोजणं सोडून दिलं होतं. मिश्र झंप तालात तर पुरती फजिती. तिथे थापेनंतर करंगळीपासून अंगठ्यापर्यंत जाऊन पुन्हा करंगळीवर यायचं, मग एक थाप, मग थाप आणि तळवा उलटा. दहा अक्षरांचा हा हिशेब टिकटिक ऐकून येत नाही, बोटांनीच करावा लागतो.

आता मी वेगळं करते. दोन आवर्तनं आवाजासकट, मग आवाज शून्यावर आणि डबा उलटा, दिवा भिंतीकडे. हाताने चार आवर्तनं गाते आणि आवाज परत वर करते. सम सापडली तर चहा, नाही तर पुन्हा. पहिल्या आठवड्यात चहा फारच कमी मिळाला.

तुम्ही नुकतेच सरळे वरसेवर असाल तर घेऊ नका, फोनवरचा फुकटचा मेट्रोनोम पुरतो. अलंकारांपर्यंत पोचलात की घ्या. व्हिडिओ कॉलवर शिकत असाल तर मात्र लगेच घ्या. पुण्यातली माझी भाची तशी शिकते. तिकडून आवाज मागाहून येतो, त्यामुळे गुरूंनी दिलेल्या तालावर तिला गाताच येत नाही, घरातच काहीतरी वाजतं असावं लागतं. नवा घेण्याआधी दुकानात ‘रूपक’ बटण दाबून अक्षरं मोजा. वायरही बघा. माझ्या डब्याची जेमतेम दीड हात आहे, रोज पाट ओढून फ्रिजच्या प्लगपाशी बसावं लागतं.